दोन नळ्यांचा करार

चंपावतच्या वाघिणीची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. १९०७ साली कुमाऊंमध्ये जिम कॉर्बेटने तिला मारले, तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. कॉर्बेटजवळ त्या दिवशी तीनच काडतुसे होती, ती संपली आणि शेवटचा बार तहसीलदाराच्या बंदुकीतून काढावा लागला, हे सगळे आपल्या लक्षात राहते. लक्षात राहत नाही ती त्याची रायफल. ती .५०० बोअरची एक्स्प्रेस रायफल होती आणि तिच्यासाठी तो ‘मॉडिफाइड कॉर्डाइट’ची काडतुसे वापरत असे. लहानपणी हे दोन शब्द मी नुसते डोळ्यांखालून घातले. समोर वाघीण उभी असताना काडतुसात दारू कोणती आहे, इकडे कुणाचे लक्ष जाणार?

पुढे जुन्या ब्रिटिश दुनळी रायफलींचा अभ्यास सुरू केल्यावर त्याच दोन शब्दांपाशी मला थांबावे लागले. कॉर्डाइटला ‘मॉडिफाइड’ हे विशेषण लागले, ते त्याला आवर घालण्याची वेळ आली म्हणून. हा आवर कधी दारूचे घटक बदलून घातला गेला, कधी काडतुसातली दारू कमी करून. दोन्ही वाटांनी प्रश्न एकच सोडवायचा होता. नव्या दारूचा जोर जुन्या नळीला किती सोसेल? हे पुस्तक त्या एका प्रश्नाभोवती उभे आहे. काडतुसाचा वेग किती असावा, नळीतला दाब किती चढू द्यावा, आणि या दोन मर्यादा कुणी, कशा आणि कशासाठी ठरवल्या, याचा हा शोध आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. या जुन्या काडतुसांचे आकडे आजच्या मानाने लहान दिसतात, म्हणून ती दुबळी होती असा समज पसरला आहे. तो खोटा आहे. गोळीचे वजन, दारूचे माप, नळीतला दाब, पोलादाची ताकद, हवेची उष्णता आणि दोन नळ्यांचा नेम या सगळ्यांचा मेळ घालून कारागिराने तो आकडा काढलेला असे. त्यातले एक माप हलवले की उरलेली सगळी हलतात. ती मर्यादा म्हणजे बनवणाऱ्याने वापरणाऱ्याला दिलेला शब्द होता, आणि तो त्याने नळीच्या पोलादावर कोरून दिला होता.

काळ्या दारूची सीमा

आधी काळ्या दारूविषयी. सोरा ७५ भाग, कोळसा १५ भाग, गंधक १० भाग, ही तिची रूढ कृती. तिचा सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जात असे, एवढे तिचे आपल्याशी नाते. या दारूचा स्वभाव भाबडा म्हणावा असा आहे. ती बंदिस्त जागेत पेटली तरी तिचा दाब एका पातळीवर येऊन थबकतो. जळल्यावर तिचे निम्म्याहून जास्त वस्तुमान काजळी आणि क्षार होऊन मागे उरते, त्याचा वायू होतच नाही. त्यामुळे दारू वाढवत नेली तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही. धूर वाढतो, खांद्याला बसणारा धक्का वाढतो आणि नळी लवकर घाण होते.

ठासणीच्या बंदुकांच्या काळात यावर उपाय एकच होता : गोळी मोठी करा. हत्तीच्या शिकारीला आठ बोअरच्या आणि चार बोअरच्या अवजड बंदुका नेल्या जात, त्या याच कारणाने. १८५६च्या सुमारास लंडनच्या जेम्स पर्डी यांनी उलटी वाट धरली. गोळी हलकी ठेवायची, दारू भरपूर घालायची आणि वेग वाढवायचा. त्या काळी वेगाचे मूर्तिमंत रूप म्हणजे आगगाडी, म्हणून या रायफलींना ‘एक्स्प्रेस ट्रेन’ हे नाव मिळाले. पुढे त्यातली ट्रेन गळाली आणि ‘एक्स्प्रेस’ मागे राहिले. कॉर्बेटच्या रायफलीच्या नावातले एक्स्प्रेस ते हेच.

या वर्गातले .४५० बोअरचे, सव्वातीन इंची पुंगळीचे काडतूस घ्या. त्यात १२० ग्रेन काळी दारू असे. गोळीच्या वजनाप्रमाणे सेकंदाला सुमारे १,७०० ते १,९५० फूट वेग मिळे. ग्रेन हे माप परके वाटू नये म्हणून एक हिशेब देतो. ब्रिटिश अमदानीत ठरलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे १२० ग्रेन दारू हे पाऊण तोळ्याहून थोडे कमीच. पुढे मोठमोठे आकडे येतील, तिथे हा तोळा मनात ठेवावा.

एक्स्प्रेसने वेग दिला, पण त्याची किंमतही वसूल केली. हलकी, मऊ शिशाची, पुढून पोकळ केलेली गोळी हरणावर उत्तम चाले. तीच वाघाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्या वर फुटून जाई, आणि उथळ जखमेचा चवताळलेला वाघ झाडीत शिरे. वेग म्हणजे ताकद नव्हे, हा धडा शिकाऱ्यांनी तेव्हाच घेतला होता. पुढच्या पिढीची काडतुसे बनवताना तो उपयोगी पडला.

कॉर्डाइट आले

१८८९ साली सर फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइटचे पेटंट घेतले. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि व्हॅसलीन ५ टक्के असे त्याचे मिश्रण होते. लगदा चाळणीसारख्या छिद्रांतून दाबून त्याच्या दोऱ्या काढत, म्हणून कॉर्डाइट. धूर जवळजवळ नाही, काजळी नगण्य, आणि जोर काळ्या दारूच्या कितीतरी पट. पण स्वभाव अगदी निराळा. बंदिस्त जागेत दाब चढला की कॉर्डाइट आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळले की दाब आणखी चढतो. काळी दारू जिथे थबकते, तिथून कॉर्डाइटची धाव सुरू होते. काडतूस बनवणाऱ्यापुढे आता नवे काम आले. पूर्वी जोर कसा वाढवायचा, याची काळजी असे. आता तो कुठे रोखायचा, हे ठरवायचे होते.

मूळ मिश्रण इतके तापट होते की त्याच्या ज्वाळेने नळ्यांच्या आतले पोलाद झिजू लागले. म्हणून १९०१मध्ये नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणून गनकॉटन ६५ टक्के केले. हे मिश्रण ‘एम.डी.’ म्हणजे मॉडिफाइड या नावाने ओळखले गेले.

मोठ्या शिकारीच्या रायफलीत कॉर्डाइट बसवण्याचे श्रेय जॉन रिग्बी अँड कंपनीकडे जाते. १८९८मध्ये त्यांनी .४५० नायट्रो एक्स्प्रेस बाजारात आणले. पुंगळी तीच जुनी, सव्वातीन इंची. आत १२० ग्रेन काळ्या दारूच्या जागी ७० ग्रेन कॉर्डाइट. गोळी हलकी न करता उलट जड केली : ४८० ग्रेन, म्हणजे दोन तोळे आणि वर पाऊण तोळ्याला जरा कमी, आणि तिच्यावर कठीण धातूचे कवच. वेग सेकंदाला २,१५० फूट, दाब चौरस इंचाला १७ टन. ज्या कामासाठी सोळा-सतरा पौंडांची अजस्र बंदूक उचलावी लागे, ते आता अकरा पौंडांच्या रायफलीने होऊ लागले.

तो २,१५०चा आकडा जरा निरखून पाहावा, कारण पुढची पन्नास वर्षे तो जवळजवळ प्रमाण ठरला. .५०० नायट्रो एक्स्प्रेस : ५७० ग्रेनची गोळी, ८० ग्रेन कॉर्डाइट, वेग २,१५०. .४७० : ५०० ग्रेनची गोळी, ७५ ग्रेन कॉर्डाइट, वेग २,१५०. .५७७ : ७५० ग्रेनची गोळी, १०० ग्रेन कॉर्डाइट, वेग २,०५०. सगळ्यांत थोरल्या .६००ची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे नेमकी पाच तोळ्यांची, आणि तिचा वेग १,९५०च्या आसपास. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या इतक्या कारागिरांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन जवळपास एकाच ठिकाणी मुक्काम केला. त्या वेगाला त्या काळची कवचाची गोळी न फुटता, न वाकता सरळ आत जाई. खांदा धक्का सोसू शके. आणि दाब दुनळी रायफलीला पेलेल इतका राही.

एका बंदीचे अनपेक्षित फळ

या इतिहासाचा एक सांधा थेट हिंदुस्थानात आहे. सरकारी फौजांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअर .४५०च होता, आणि अशा कितीतरी रायफली सरकारच्या हाताबाहेर फिरत होत्या. शिकारीच्या नावाने आलेल्या .४५०च्या गोळ्या त्यांच्यात वापरल्या जातील, अशी भीती राज्यकर्त्यांना वाटली. १९०७ साली हिंदुस्थानात आणि सुदानात या बोअरच्या खाजगी रायफली आणि काडतुसे आणण्यावर बंदी आली. ज्या वर्षी कॉर्बेट चंपावतला गेला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

हिंदुस्थान हे इंग्रज बंदूकवाल्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. त्यांनी लगोलग .४५०हून किंचित मोठ्या बोअरची काडतुसे आणली. हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, जोसेफ लँगचे .४७०, शिवाय .४७५ आणि .४७६. आज ही नावांची गर्दी पाहून वाचक गोंधळतो. तिच्या मुळाशी आहे तो हा सरकारी हुकूम.

मला यात महत्त्वाचे वाटते ते पुढचे. रिग्बीच्या .४५०मध्ये दाब १७ टन होता. नव्या .४७०ची गोळी २० ग्रेनांनी जड, वेग तोच २,१५०, पण दाब १४ टन. पुंगळीत जागा जास्त, बोअर थोडा मोठा, म्हणून तेच काम तीन टन कमी दाबात झाले. सरकारने बंदी घातली ती राजकीय धास्तीपोटी, आणि तिच्यातून अधिक सौम्य, दुनळी रायफलीला अधिक मानवणारे काडतूस जन्माला आले. पुढे दुनळी रायफल म्हटले की .४७०च आठवावी, इतके ते रुजले.

चौदा टन म्हणजे किती

ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा. चौदा टनांचे ३१,३६० पौंड झाले. मोटारीच्या चाकात आपण भरतो त्या हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट. हा दाब दोन-तीन सहस्रांश सेकंद टिकतो आणि पुंगळीच्या बुडामार्गे रायफलीच्या मागच्या पोलादी भिंतीवर सुमारे तीन टनांचा ढकला देतो.

आता दुनळी रायफलीची रचना डोळ्यांपुढे आणा. तिच्या नळ्या बिजागरीवर खाली झुकतात, काडतुसे घातली की वर येऊन बंद होतात. आडवी पट्टी आणि उभी भिंत जिथे काटकोनात मिळतात, तिथे प्रत्येक बाराला ताण येतो, जणू कुणी तो कोन उघडू पाहत आहे. वेस्टली रिचर्ड्स यांची नळ्यांवरून पुढे येणारी ‘डॉल्स हेड’ कडी, पर्डी यांची १८६३ची खालची सरकपट्टी, ग्रीनर यांची आडवी खीळ, या सगळ्या युक्त्या तो कोन मिटलेला ठेवण्यासाठी होत्या. पण कितीही उत्तम कुलूप असले, तरी मॉझरसारख्या सरळ बोल्टच्या रायफलीत बोल्टचे कान पुंगळीच्या अगदी मागे, नळीच्या रेषेत अडकतात. तशी सोय इथे नाही.

दुसरी अडचण पुंगळी बाहेर काढण्याची. बोल्ट रायफलीचा हात फिरवला की चिकटलेली पुंगळी पाचर मारल्यासारखी सुटते. दुनळीत तशी पकड मिळत नाही. इथला काढणारा तुकडा पुंगळीला हळूच मागे ढकलतो, एवढेच. दाब जास्त झाला, पितळ भिंतीला चिकटले, की रायफल उघडेनाच. आणि दुनळी हातात घेणारा माणूस ती घेतो त्या दुसऱ्या बारासाठी, आणि त्यानंतर झटपट भरता येणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या बारासाठी. जखमी गवा अंगावर येत असताना पुंगळी अडकणे म्हणजे मरण. कमी दाब हा या माणसाचा विमा होता.

इथे मोजमापाविषयी एक इशारा द्यायला हवा, कारण जाणकारही या ठिकाणी घसरतात. दाब मोजण्याची जुनी रीत तांब्याची. अँड्र्यू नोबल यांनी १८६०च्या सुमारास ती प्रचारात आणली. तांब्याची छोटी गुटी दाबाखाली किती चेपली, यावरून दाब काढायचा. ब्रिटिश पद्धतीत ही गुटी पुंगळीच्या बुडामागे ठेवत आणि पुंगळीला तेल लावत, म्हणजे ती चेंबरच्या भिंतीला न चिकटता सगळा जोर मागे देईल. अन्य देशांत नळीच्या बाजूला भोक पाडून मोजत. आज स्फटिकाच्या विद्युत संवेदकाने मोजतात. या तीन रीती एकाच काडतुसाचे तीन निराळे आकडे देतात, आणि ब्रिटिश रीतीचा आकडा सहसा सर्वांत कमी येतो. म्हणून टनांना २,२४०ने गुणायचे आणि उत्तर आजच्या तक्त्याशेजारी मांडून ‘अजून बराच वाव आहे’ असे म्हणायचे, ही घोडचूक आहे. या पुस्तकात प्रत्येक दाबाशेजारी तो कोणत्या रीतीने मोजला, तेही लिहिले आहे. ज्या आकड्याची रीत कळत नाही, तो आकडा जवळ बाळगण्यापेक्षा नसलेला बरा.

तुलनेसाठी एकच उदाहरण. १९५६मध्ये अमेरिकेत .४५८ विंचेस्टर मॅग्नम आले. .४७०चे काम आखूड पुंगळीत, स्वस्त बोल्ट रायफलीतून करायचे, हा त्याचा हेतू. गोळी तीच ५०० ग्रेनची, जाहीर केलेला वेगही जवळपास तोच. दाब मात्र चौरस इंचाला ६०,००० पौंडांच्या घरात. वर सांगितलेला मोजमापाचा फरक धरूनही हा दाब जुन्याच्या दीडपटीहून जास्त आहे. इतकी दारू आखूड पुंगळीत ठेचून भरावी लागे, आणि जुन्या साठ्यांत तिच्या गुठळ्या होऊन बार अर्धवट जळल्याच्या तक्रारी आल्या. लांबलचक, मोकळ्या ब्रिटिश पुंगळीत त्या मोकळेपणालाच काम होते.

चांद्याचा उन्हाळा

कमी दाबाचे तिसरे कारण मराठी वाचकाला अंगावरच्या घामासारखे कळेल. मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात, म्हणजे चांदा, मेळघाट या टापूत, वाघाच्या शिकारीचा हंगाम भर उन्हाळ्यात असे. पानगळ झालेली, नाले आटलेले, जनावर उरलेल्या पाण्याजवळ. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१च्या पुस्तकापासून डनबार ब्रँडर यांच्या १९२३च्या पुस्तकापर्यंत हे रान ब्रिटिश शिकाऱ्यांनी तपशीलवार लिहून ठेवले आहे. चांद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कमरेच्या पट्ट्यातले पितळी काडतूस उन्हात त्याहूनही तापते.

तापलेले कॉर्डाइट थंड कॉर्डाइटपेक्षा लवकर जळते. इंग्लंडच्या गार हवेत जे काडतूस नेमस्त दाब दाखवी, तेच इथे दोन-अडीच टन जास्त दाखवू शके. म्हणून उष्ण मुलखासाठी कॉर्डाइट थोडे कमी भरलेली वेगळी काडतुसे निघत आणि त्यांच्या खोक्यांवर तसे छापलेले असे. शहाण्या कारागिराने मुळातच दाब इतका खाली ठेवला, की चांद्याच्या दुपारीही रायफल सहज उघडावी. ज्या मोकळ्या जागेला आजचा वाचक ‘न वापरलेली ताकद’ समजतो, ती या दुपारसाठी राखलेली होती.

वेगाचा नेमाशी संबंध

इथवर दाबाची बाजू झाली. वेगाची मर्यादा समजण्यासाठी दुनळी रायफलीचे सर्वांत नाजूक रहस्य कळावे लागते.

दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत, नेमाची माशी मात्र एकच. उजव्या नळीचा बार काढला की धक्का रायफलीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे बसतो. रायफल मागे येते आणि त्याच वेळी किंचित उजवीकडे आणि वर फिरते. गोळी नळीत असते तो काळ सुमारे सेकंदाचा पाचशेवा भाग. तेवढ्यात हे फिरणे सुरू झालेले असते. डाव्या नळीचे याच्या उलट. नळ्या समांतर ठेवल्या, तर उजवीची गोळी उजवीकडे आणि डावीची डावीकडे जाईल. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडे एकमेकांकडे जरा झुकवतो. किती झुकवायची, हे कागदावर ठरत नाही. तो ठरलेल्या काडतुसाने बार काढतो, लक्ष्यावरची भोके पाहतो, कथिलाचा जोड तापवून तोंडामधली पाचर किंचित सरकवतो, निवू देतो आणि पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या शेजारी शेजारी पडेपर्यंत हे चालते. इंग्रजीत या कामाला ‘रेग्युलेटिंग’ म्हणतात. एका रायफलीवर त्याचे दिवसच्या दिवस जात.

मेख इथे आहे. हा मेळ एका विशिष्ट वजनाच्या गोळीसाठी आणि एका विशिष्ट वेगासाठीच जमतो. वेग कमी झाला, तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, नळी जास्त फिरते आणि दोन्ही गोळ्या बाहेरच्या बाजूंना फाकतात. वेग वाढला, तर गोळी लवकर सुटते आणि दोन्ही गोळ्यांच्या वाटा एकमेकींना छेदतात. म्हणून २,१५० हा आकडा .४७०साठी नुसती वरची मर्यादा नव्हता. खालची मर्यादाही तोच होता. त्या वेगावरच दोन नळ्यांचे एकमत होते. जास्त दारू घालून जास्त वेग मिळवणारा माणूस पोलादाला ताण देतोच, शिवाय त्या कारागिराने दिवसच्या दिवस बसून जुळवलेला मेळही मोडतो.

छापील वेगही डोळे मिटून घेऊ नयेत. कारखान्यातली चाचणी नळी सहसा २८ इंचांची किंवा त्याहून लांब असे, आणि शिकाऱ्याच्या हातातली दुनळी २४ ते २६ इंचांची. नळी आखूड तसा वेग कमी. जुन्या सूचिपत्रातला आकडा प्रत्यक्ष रायफलीत मिळत नाही, म्हणून दारू वाढवणारा माणूस जो आकडा गाठू पाहतो, तो त्या रायफलीने कधी पाहिलेलाच नसतो.

नळीवरचा शब्द

हे सगळे आकडे कारागिराने कुठे लिहून ठेवले? रायफलीच्या नळ्या उतरवून उलट्या धरा. बाहेरचे कोरीवकाम सुंदर असते, पण खरा मजकूर खालच्या सपाट भागावर असतो. .४७०च्या नळीवर ‘कॉर्डाइट ७५-५०० मॅक्स’ असे शब्द दिसतात : कॉर्डाइट ७५ ग्रेन, गोळी ५०० ग्रेन, याहून जास्त नाही. शेजारी प्रूफ हाऊसचे शिक्के. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या संघाला १६३७मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३च्या कायद्याने उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून नळी टिकते का हे पाहायचे आणि टिकली तरच शिक्का मारायचा, ही त्यांची कसोटी. ‘एन.पी.’ ही अक्षरे नायट्रो दारूची कसोटी दाखवतात. ती नसलेल्या जुन्या नळीत नायट्रोचे पुरे काडतूस घालू नये, हा नियम इतका सरळ आहे.

सरळ असूनही तो मोडला जातो, कारण नावे फसवी आहेत. सव्वातीन इंची .४५०चे काडतूस काळ्या दारूचे असते, पुऱ्या नायट्रो एक्स्प्रेसचे असते, आणि तिसरेही एक असते : काळ्या दारूच्या नळीसाठी कमी कॉर्डाइट घालून बनवलेले, ज्याला ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ म्हणत. तिन्ही एकाच पुंगळीची भावंडे. सतरा टनांचे काडतूस १८७५च्या दमास्कस नळीतही सहज सरकून बसते. चेंबर त्याला अडवत नाही. अडवू शकतो तो फक्त वाचणारा माणूस. तसेच .४७५ नंबर दोनचे. एकाच नावाखाली एक गोळी .४८३ इंचाची, तर जेफ्री यांची .४८८च्या आसपासची. पाच सहस्रांश इंचाची चूक पातळ नळीत महागात पडते. आजच्या अखंड तांब्याच्या किंवा पितळेच्या कठीण गोळ्या जुन्या, मऊ पोलादाच्या नळीतून गेल्या, तर आतल्या आट्यांचे वळ नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उमटलेले आढळले आहेत. त्या खुणा पुसता येत नाहीत.

हे पुस्तक आत्ता का

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीचा अध्याय संपला, आणि तो संपला हे योग्यच झाले. ज्या रानांत या रायफली वाजल्या, तिथला वाघ नामशेष होण्याच्या काठावर गेला होता. या पुस्तकात शिकारीचे गुणगान नाही. पण ज्या वस्तूने त्या काळावर इतका खोल ठसा उमटवला, ती आतून कशी चाले, हे माहीत नसताना त्या काळाविषयी बोलणे मला अपुरे वाटते. शिवाय या रायफली अजून आहेत. संस्थानी वाड्यांत आहेत, संग्रहालयांत आहेत, घराण्यांच्या परवान्यांवर आहेत. आफ्रिकेत आणि ब्रिटनमध्ये त्या अजून वापरल्याही जातात. किनॉक कंपनीने मूळ काडतुसांचे उत्पादन थांबवल्यावर अनेक रायफली अनेक वर्षे उपाशी राहिल्या. नंतर ही काडतुसे पुन्हा बनू लागली, आणि त्यांच्याबरोबर जुन्या मर्यादा विसरण्याचा धोकाही परत आला.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात काळ्या दारूपासून कॉर्डाइटपर्यंतचा प्रवास. दुसऱ्यात एकेका काडतुसाचे चरित्र : त्याचा जन्म, गोळी, दारू, वेग, दाब आणि तो मोजण्याची रीत. तिसऱ्यात नळ्यांवरचे शिक्के वाचायचे कसे. काडतूस घरी भरण्याची कृती यात कुठेही दिलेली नाही, आणि ती जाणूनबुजून दिलेली नाही. शंभर वर्षांची नळी उडवायची की नाही, हे ती हातात घेऊन तपासणारा जाणकार कारागीरच सांगू शकतो. छापील पान नाही.

शेवटी एक विनंती करतो, आणि ती या रायफली सांभाळणाऱ्यांना आहे. संग्रहालयांतल्या पाटीवर बहुधा राजाचे नाव, कंपनीचे नाव आणि मारलेल्या वाघांची संख्या असते. त्याखाली आणखी एक ओळ लिहा. नळ्या उतरवा, खालचे आकडे वाचा आणि जसेच्या तसे उतरवून घ्या : दारू इतकी, गोळी इतकी, याहून जास्त नाही. ज्याने ते आकडे कोरले त्या कारागिराचे नाव बहुतेक वेळा कुठेच नोंदलेले नाही. त्याने जे सांगून ठेवले, ते तेवढ्या एका ओळीतच आहे.